केदारकंठाच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, उत्तराखंडमधल्या केदारकंठा ट्रेकवरचा तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. समिट अर्ध्या तासावर असताना लीडरने परत फिरवलं, शिवाय ओरडला, ट्रेकिंगच्या काठ्या टाकायला लावल्या आणि तासाभरात लख्ख ऊन पडलं, म्हणून पूर्ण फी परत पाहिजे असं तुम्ही लिहिलंय.

ओरडला, हो. केदारकंठा साधारण ३८०० मीटर, शेवटची चढण उघड्या धारेवरून, झाड नाही आडोसा नाही, तिथे सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपणच. दरीतून ढग वर चढताना तुमच्याच व्हिडिओत दिसतोय. आवाज वाढवून बघा, काठ्यांच्या टोकाशी मधमाशीसारखी बारीक गुणगुण आहे आणि पुढच्या मुलीचे टोपीबाहेरचे केस सरळ उभे राहिलेत, ज्यावर तुम्ही हसायची इमोजी टाकलीये. हवेत चार्ज भरला की असं होतं आणि मग वीज कधीही पडू शकते. अशा वेळी काठ्या टाकायच्या आणि धार सोडून पटकन खाली यायचं, दुसरं काही नाही. तेव्हा प्लीज-प्लीज करत बसणारा लीडर मी ठेवतच नाही.

आता ऊन. एप्रिलमधलं वादळ असंच असतं, अर्धा-पाऊण तास धिंगाणा घालून निघून जातं, पण जीव जातो तो त्याच पाऊण तासात. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अजून अर्धा तास थांबायचं असतं, म्हणजे तुम्ही पुन्हा चढायला लागला असता तोवर दुपार, आणि पहाटे जो बर्फ कडक असतो तो उन्हाने भुसभुशीत होऊन पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, उतरताना घसरणं वेगळंच. परतीची वेळ फॉर्मवर लिहिलेली आहे, खाली तुमची सही आहे.

"दुसरा ग्रुप जाऊन आला." ते लोक रात्री अडीचला निघाले होते, तुम्हाला भेटले तेव्हा उतरत होते. आपली बॅच उशिरा का निघाली ते इथे लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे :)

आणि जानापावला भर पावसात चढलो तेव्हा काही झालं नाही, हे वाचून खरंच काय बोलावं कळेना. जानापाव ही आपली इंदूरजवळची टेकडी, जेमतेम साडेआठशे मीटर, वरच्या मंदिरापर्यंत गाडी जाते. हिमालयात दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्री तापमान उतरतं, त्यात वारा. उणे १० आणि ताशी ४० किलोमीटरच्या स्पीडने वारा असला तर अंगाला उणे २१ लागतं, आणि भिजलेला माणूस तिथे किती वेळ टिकेल ते तुम्हीच सांगा.

फी परत मिळणार नाही. खेचरं, तंबू, परमिट, आचारी, सगळं वापरलं गेलंय, आणि समिटची गॅरंटी आम्ही कुठल्याच पोस्टमध्ये दिलेली नाही. पुढच्या सीझनला परत यायचं असेल तर लीडरची फी तुमच्याकडून घेणार नाही, बाकी खर्च मात्र द्यावा लागेल.

बाकी गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पायाला बांधतात ते) आणि मायक्रोस्पाइक्स (बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली लावायचे काटे) अजून तुमच्याकडेच आहेत, राजवाड्याजवळच्या ऑफिसात आणून द्या, डिपॉझिट लगेच मिळेल. बुधवारी बंद असतं.