चाळीस मीटर आणि चाळिशी

स्कूबा डायव्हिंग करताना, हवा देणारा रेग्युलेटर तोंडात असला की धड किंचाळता येत नाही. नुसते बुडबुडे निघतात. हे बरंच आहे, कारण त्या दिवशी मनगटावर ४५ हा आकडा पाहून मी जे काही सोडलं ते आवाजासकट बाहेर आलं असतं, तर बायकोने त्याची नक्कल पुढची दहा वर्षं पाहुण्यांसमोर केली असती.

माझं सर्टिफिकेट १८ मीटरपर्यंतचं. हौशी डायव्हरने कितीही कोर्स केले तरी त्याची लक्ष्मणरेषा ४० मीटरला. आणि मी ४५वर! मी आमच्या वाटाड्याचा, म्हणजे डाइव्हमास्टरचा, दंड धरला आणि मनगट त्याच्या मास्कसमोर नाचवलं. त्याने आकडा पाहिला, मला पाहिलं, 'ठीक आहे'ची खूण केली आणि तो एका खेकड्याकडे वळला. वर आल्यावर कळलं की भाड्याचा तो डाइव्ह कॉम्प्युटर आधीच्या कुणीतरी फुटांवर लावून ठेवला होता. पंचेचाळीस फूट. म्हणजे चौदा मीटरसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच यंत्र वाट्याला आलं. मीटरवर आणून घेतलं, निश्चिंतपणे उतरलो, तर पाचव्या मिनिटापासून त्याची कुरकुर सुरू. सकाळी ते दुसऱ्याच कुणाच्या तरी हातावर दोन डाइव्ह करून आलं होतं. त्या गृहस्थाच्या अंगात मुरलेला नायट्रोजन त्याने इमानेइतबारे माझ्या खात्यावर मांडला होता. ओळख ना देख, आणि मी त्याचा जामीन! त्या संध्याकाळी मी जाहीर केलं की आता स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचा. बायको म्हणाली, "घे की." या दोन शब्दांच्या पोटात चार महिने दडलेत हे तिला ठाऊक नव्हतं.

मूळ भानगड नायट्रोजनची. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो आणि टाकीतल्या हवेतला नायट्रोजन निमूटपणे अंगात विरघळत जातो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे तसाच निघून जातो. घाई केली तर सोड्याच्या बाटलीचं बूच उडाल्यावर जे होतं ते आपल्या सांध्यांत होतं. या खोलीवर आणखी किती मिनिटं राहिलात तर वाटेत सक्तीचे थांबे न घेता वर येता येईल, एवढं सांगणं हे कॉम्प्युटरचं काम.

माझी समजूत अशी, की ते मनगटाला चिकटून आतला नायट्रोजन मोजतं. छे! त्याच्याजवळ फक्त एक दाबमापक आणि एक घड्याळ. बाकी सगळी कल्पनाशक्ती. ते एक काल्पनिक माणूस धरतं, त्याच्या अंगाचे काल्पनिक कप्पे पाडतं आणि कुठला कप्पा किती भरला याचा हिशेब दर काही सेकंदांनी करतं. माझं पोट, माझं वय, आदल्या रात्रीचं जागरण, यातलं त्याला काही म्हणजे काही माहीत नसतं. मी चार महिने घासाघीस करत होतो ती दुसऱ्याच कुणाच्या तरी तब्येतीवरून.

या हिशेबाच्या मुळाशी बकऱ्या आहेत. १९०८ साली जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश नौदलासाठी केलेले डिकम्प्रेशनचे, म्हणजे किती सावकाश वर यायचं याचे, तक्ते प्रसिद्ध झाले. त्यासाठी बकऱ्यांना दाबाच्या टाकीत कोंडून वेगवेगळ्या वेगाने बाहेर आणलं होतं. बकरीने पुढचा पाय उचलून धरला की समजायचं, सांध्यात बुडबुडे झाले. शतक उलटून गेलं, पण या व्यवहारात बकरा लागतोच, हे पुढे विक्रेत्यासमोर उभा राहिल्यावर मला पटलं.

हॉल्डेननी कप्पे कल्पिले पाच. झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान यांच्या गणितात ते सोळा झाले. त्यातला सर्वांत चटपटीत कप्पा चार-पाच मिनिटांत अर्धा भरतो आणि सर्वांत आळशाला त्यासाठी ६३५ मिनिटं लागतात, म्हणजे साडेदहा तास. (हा सोळावा कप्पा माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसतो.) काही कंपन्या हे गणित वापरतात, काहींचं स्वतःचं वेगळं असतं, आणि आपलंच कसं सुरक्षित हे प्रत्येक जण सांगतो. १९५९च्या एका इटालियन यंत्राला तर डायव्हरांनी 'बेंडोमॅटिक' असं नाव ठेवलं होतं. बेंड्स म्हणजे हाच बुडबुड्यांचा आजार. जे टाळायला यंत्र घ्यायचं, त्याचंच बारसं यंत्रावर!

मी तीन जाणकारांना विचारलं. तिघांनी आपापल्या मनगटावरचं मॉडेल सांगितलं. एक म्हणाला, "माझा जरा भित्रा आहे, पण भित्रेपणा बरा." दुसरा म्हणाला, "माझा मोकळ्या मनाचा आहे, उगाच टोकत नाही." तिसऱ्याच्या दोन्ही मनगटांवर एकेक होता आणि दोघांचं आपसात पटत नव्हतं.

मग मला ग्रेडियंट फॅक्टर नावाचं प्रकरण सापडलं आणि तीन आठवडे गेले. ३५/७५, ४०/८५, ४५/९५ अशा आकड्यांच्या जोड्या. गणिताने ठरवलेल्या हद्दीच्या किती टक्के जवळ जायचं, ते या जोडीने ठरतं. थोडक्यात, घाबरायचं किती ते मेनूमध्ये जाऊन लिहायचं. आयुष्यात इतर कुठे ही सोय असती तर! त्यातही गंमत अशी, की बडीबरोबर, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराबरोबर, डाइव्ह करताना दोघांतल्या जास्त भित्र्या यंत्राचंच ऐकावं लागतं. आपण कितीही शूर आकडे भरा.

आणि बिनसलं तर? सक्तीचा थांबा चुकवून वर आलात तर बरीचशी यंत्रं अबोला धरतात. चोवीस तास, काही तर अठ्ठेचाळीस. तेवढ्या वेळात फक्त खोली आणि वेळ दाखवतील, सल्ला नाही. मला ही वागणूक ओळखीची वाटली, पण घरात तसं बोललो नाही.

एक्सेलमध्ये बावीस रकाने झाले. बॅटरी आपली आपण बदलता येते की सर्व्हिसला धाडावी लागते, पट्टा वेटसूटवरून बसेल का, नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनचं मिश्रण, चालतं का. (चालतं. आजकाल सगळ्यांत चालतं. तरीही रकाना होता.) एका रात्री बायकोने माझी डाइव्हची वही उघडली.

"तुझी सगळ्यात लांब डाइव्ह?"

"अडतीस मिनिटं."

"वर का आलास?"

"टाकीतली हवा संपत आली होती."

"आणि हे तुझ्या यादीतले दोन कॉम्प्युटर १८ मीटरवर किती मिनिटांवरून भांडतायत?"

"एक पन्नासच्या अलीकडे थांबवतो, एक पलीकडे."

"तोपर्यंत तू होडीत टॉवेल गुंडाळून बसलेला असतोस."

यावर मी म्हणालो की पुढे माझा श्वास सुधारेल. मुद्दा बरोबर होता. आवाजात जोर नव्हता.

तिने स्वतःसाठी दहा मिनिटांत घेतला. दोन बटणं, पांढऱ्यावर काळे, ठसठशीत आकडे. रंग नाही, होकायंत्र नाही, मनगटावर ठेवलेली डबीच. मी मात्र घड्याळाएवढा, रंगीत पडद्याचा घेतला. त्यात पाच वायूंचे हिशेब होतात, हेलियम मिसळलेल्या ट्रायमिक्सचासुद्धा. मी एका टाकीवर, एका वायूवर, एका बायकोबरोबर डाइव्ह करतो. शिवाय ट्रान्समीटर घेतला. तो टाकीच्या बाजूला बसतो आणि उरलेल्या हवेचा दाब बिनतारी मनगटावर पाठवतो. माझी खादाड फुप्फुसं आता मला रंगीत दिसणार होती.

पहिल्या डाइव्हला साधारण बारा मीटरवर स्थिरावलो आणि ऐटीत मनगट वर केलं. पडद्यावर अतिशय देखणं हिरवं-निळं-पिवळं काहीतरी होतं. आकडे असावेत.

पाण्याखाली मास्कमधून सगळं एकतृतीयांश मोठं दिसतं, म्हणून मी डोळ्यांची चिंताच केली नव्हती. पण त्याच कारणाने ते पाव हिस्सा जवळही दिसतं. हात लांब करून साठ सेंटिमीटरवर धरावा, तर डोळ्यांना तो पंचेचाळिसावर. ज्याला जवळचं दिसत नाही त्याचं मनगट समुद्र आणखी जवळ आणून ठेवतो. मी हात आणखी ताणला, मान मागे टाकली, पार धनुष्य झालो. डाइव्हमास्टरला वाटलं मी काहीतरी दाखवतोय. तो त्या दिशेने निघाला. त्याच्यामागे गटातली चार माणसं. पाच जण दहा मिनिटं एका रिकाम्या खडकाचं निरीक्षण करत होते.

बायको मात्र खडकाकडे गेली नाही. ती माझ्याकडे आली, मनगट हातात घेतलं, वाचलं, आणि बोटांनी उरलेली हवा सांगितली. थोड्या वेळाने पुन्हा वाचलं. मग अंगठा वर केला. जमिनीवर याचा अर्थ शाबास. पाण्यात याचा अर्थ, चल वर. ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप आम्ही तिच्या डबीवर केला. सगळ्यांना आकडे दिसत होते, दोन हातांवरून.

होडीत मास्क काढल्यावर तिने विचारलं, "अरे, चार महिने बघत होतास ना? घेताना नीट दिसत होते आकडे?"

"स्वच्छ दिसत होते."

"मग?"

"तेव्हा मी चष्मा लावला होता."