शिकलेल्याला कसली मदत? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कॅनडाला निघालेल्या इंजिनिअरांना मी शनिवारी दादरला घरी कागदपत्रं आणि मुलाखतीची तयारी करून देतो, त्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘मी 30 वर्षं बांधकामात काढली, मला कुणी हात दिला नाही. धमक असेल तो कुठेही उभा राहतो. शिकल्यासवरल्यांना कसली मदत?’

हे मला पटत नाही. माझे आजोबा कोकणातून परळला आले तेव्हा अंगात धमक होतीच. तरी पाठ टेकली ती गावकीच्या खोलीत, जेवले खानावळीत आणि गिरणीत शिरले ते गाववाल्याने जॉबरकडे, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाकडे, शब्द टाकल्यावर. तेही आधी बदलीवर, म्हणजे कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी.

टोरंटोत उतरणाऱ्यासाठी असा शब्द कोण टाकणार? टोरंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टॅरिओत इंजिनिअरचं लायसन्स हवं तर किमान एक वर्ष कॅनडातल्या लायसन्सधारक इंजिनिअरच्या हाताखाली काढावं लागायचं. मे 2023 मध्ये ती अट गेली. पण नोकरी देणाऱ्यांच्या मनातून ती इतक्यात जात नाही.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली, मेट्रोच्या साइटवर 9 वर्षं काढलेली. रेझ्युमेवर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, ‘विवाहित’. तिकडे यातलं काहीच लिहीत नाहीत. आणि कामाबद्दल? ‘खोदकामावर देखरेख’, बस्स. मी म्हटलं, नेमकं काय करायचीस ते सांग. मग ती सांगत सुटली: पावसात खड्डा भरला की पंप कुठे लावायचे, शेजारच्या जुन्या चाळीच्या भेगांवर चिकटवलेल्या काचेच्या पट्ट्या रोज सकाळी जाऊन कशा बघायच्या, पट्टी तडकलेली दिसली की काम थांबवायला कुणाकुणाशी भांडावं लागायचं. अर्धा तास बोलली. तेच आम्ही रेझ्युमेत उतरवलं. यात धमक सगळी तिचीच आहे हो, पण ती कागदावर कशी आणायची हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

‘चित्र फार गुलाबी रंगवलंय’ हे मात्र तुमचं बरोबर. सहा महिन्यांत सगळं जुळतं, असा माझा सूर होता. तो परिच्छेद मी बदललाय. डिग्रीच्या मूल्यांकनाचा कागद म्हणजे लायसन्स नव्हे, हेही स्पष्ट लिहिलंय.

या शनिवारी ती मुलगी मुलाखतीच्या तालमीला येतेय. साइटवरचे प्रश्न माझ्यापेक्षा तुम्ही चांगले विचाराल. तिची हरकत नाही, मी विचारून घेतलंय. तासभर याल का?