‘नुसता कॅम बदलला तर काय बिघडते?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या २००२ सालच्या कॉर्व्हेट गाडीत बसवलेल्या कॅमशाफ्टवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) तुम्ही वेळ काढून सविस्तर टीका केलीत, त्याबद्दल आभारी आहे. तुमचे आक्षेप तीन आहेत. २२४ अंशांचा कॅम (क्रँक तेवढे अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा) ही भीतभीत केलेली निवड असून मी २३६चा घ्यायला हवा होता, हा पहिला. व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंगा, पुशरॉड (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या कांड्या) आणि ट्यूनिंग (इंजिनाच्या संगणकाची नवी जुळणी) हा गॅरेजवाल्यांनी गळ्यात मारलेला खर्च आहे, कारण तुमच्या मित्राने त्याच्या एलएस१ इंजिनात (साध्या कॉर्व्हेटमधले इंजिन) नुसता कॅम बदलला आणि गाडी सहा महिने बिनतक्रार चालते आहे, हा दुसरा. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातल्या अंतराबद्दल मी चुकीचे लिहिले, हा तिसरा.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचेच बरोबर आहे. लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो ती उंची, वाढली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटण्याचा धोका वाढतो, असे मी ढोबळपणे लिहून गेलो. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हा पिस्टन बराच खाली गेलेला असतो. खरी जवळीक होते ती पिस्टन वरच्या टोकाला असताना, म्हणजे एक्झॉस्ट (धूर सोडणारा) व्हॉल्व्ह मिटत असतो आणि इनटेक (हवा आत घेणारा) उघडू लागलेला असतो त्या ओव्हरलॅपच्या काळात. त्या वेळी कोणता व्हॉल्व्ह किती उघडा आहे, हे कॅमचा कालावधी, दोन लोबांमधला (कॅमवरच्या उंचवट्यांमधला) कोन आणि कॅम किती अंश पुढेमागे बसवला आहे यांवर मुख्यतः अवलंबून असते.

मात्र हाच मुद्दा तुमच्या पहिल्या आक्षेपावर उलटतो. लिफ्टर (लोबवर टेकून पुशरॉड उचलणारा भाग) ०.०५० इंच उचलल्यापासून मोजले, तर कंपनीच्या २००२च्या झेड०६ या जास्त ताकदीच्या कॉर्व्हेटमधला २०४/२१८ अंशांचा (इनटेक/एक्झॉस्ट) आणि ११७.५ अंश लोब-कोनाचा कॅम उणे २४ अंश ओव्हरलॅप देतो (उणे म्हणजे त्या मापाने दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे नसतात). माझा २२४/२२४, ११४ कोनाचा कॅम उणे ४ देतो. तुम्ही सुचवलेला २३६/२३६ जर ११२ कोनाचा असेल, तर ओव्हरलॅप अधिक १२ अंशांवर जातो. एवढ्या ओव्हरलॅपने डायनोवरचा (ताकद मोजण्याच्या यंत्रावरचा) सर्वोच्च आकडा वाढतो हे मी नाकारत नाही. पण मंद वेगात निकास वायू इनटेकमध्ये परततो, व्हॅक्यूम घटतो आणि मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास गाडी उचक्या देऊ लागते. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर दुसऱ्या गिअरमध्ये तासभर रांगत जाणाऱ्याला ६८०० फेऱ्यांवरच्या ताकदीचा काय उपयोग? माझी गाडी तिथे धावते, ड्रॅग स्ट्रिपवर नव्हे.

अंतर मोजण्याची माझी फजिती इथे सांगायला हरकत नाही. हेड उतरवलेलेच होते, म्हणून मुलीच्या खेळण्यातली प्लॅस्टिसिन पिस्टनवर थापली, व्हॉल्व्हला चिकटू नये म्हणून वर तेलाचे बोट फिरवले, जुन्याच गॅस्केटवर हेड आवळले आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला. नंतर ब्लेडने चिरून पातळ जागा व्हर्नियरने मोजली आणि आकडा पाहून खूश झालो. तो आकडा खोटा होता. तेलाचा दाब नसताना हायड्रॉलिक लिफ्टर आत दबतो, त्यामुळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडतच नाही. त्या सिलिंडरला सॉलिड लिफ्टर लावून पुन्हा मोजले, तेव्हा अंतर कमी निघाले. तरीही इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर या रूढ किमान अंतरापेक्षा ते जास्तच भरले.

आता स्प्रिंगांकडे येतो, कारण तुमच्या मताशी माझे खरे भांडण तिथेच आहे. जनरल मोटर्सने झेड०६ची ताकद २००१च्या ३८५ अश्वशक्तीवरून २००२मध्ये ४०५वर नेली, तेव्हा नुसता कॅम बदलला नाही. लिफ्ट सुमारे १३.३ मिलिमीटरवरून १४वर नेताना स्प्रिंगा बदलल्या, वजन कमी करण्यासाठी इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्या पोकळ केल्या आणि एक्झॉस्टच्या पोकळ दांड्यांत सोडियम भरले. ज्या कंपनीला एकेका डॉलरचा हिशेब द्यावा लागतो, तिने हा खर्च हौसेने केला नसावा. व्हॉल्व्हला लोबबरोबर राखायला लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६००० वरून ६६०० म्हणजे दहा टक्के वाढ, पण बल एकवीस टक्क्यांनी जास्त. शिवाय साध्या एलएस१मधली स्प्रिंग सुमारे १२ मिलिमीटर लिफ्टच्या कॅमसाठी दिलेली आहे आणि दर व्हॉल्व्हला एकच आहे. ती तुटली तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो आणि इंजिनच संपते. दुहेरी स्प्रिंगेत आतली त्याला धरून ठेवते.

पुशरॉडांबाबत तुम्ही अर्धे बरोबर आहात: मूळचे ७.४ इंचांचे पुशरॉड अनेकदा चालतात, पण नव्या कॅमचे बेस सर्कल (लोबचा उंचवटा नसलेला गोल भाग) लहान असेल तर लांबी मोजल्याशिवाय ते कळत नाही. ट्यूनिंगविना आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनाची मंद चाल) सांभाळणे मला तरी जमले नाही. तुम्ही कॅलिफोर्नियात राहता, तेव्हा तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा सूट क्रमांक नसलेला कॅम रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही, हेही खरेदीआधी पाहावे.

तुमच्या मित्राच्या कॅमसोबत आलेल्या कार्डावरची लिफ्ट आणि गाडीचे साल कळवलेत, तर मूळ स्प्रिंगा पुरतात का ते आपण ताडून पाहू. तोवर त्यांनी ५५०० फेऱ्यांच्या वर जाऊ नये, अशी माझी विनंती त्यांना पोहोचवा.