ना प्लास्टिक, ना लोखंड

भंगारवाल्यानं मला नाकारलं. म्हणजे माझ्या खोक्यांना. पण सकाळी साडेदहाला, ४३ अंशांत, स्वतःच्या ओट्यावर उघड्या डोक्यानं उभ्या असलेल्या माणसाला एवढा बारीक फरक कळत नाही.

आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय तृतीया, आठ दिवसांवर आली होती. लेक माहेरी येणार, म्हणून हिनं माळा रिकामा करायला काढला. वरून १४ इंची मॉनिटर निघाला, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या सहा वाळलेल्या रिबिनी निघाल्या आणि बुटांच्या चार खोक्यांत भरलेल्या २१२ फ्लॉप्या निघाल्या, पेनड्राइव्हच्या आधी कॉम्प्युटरमधलं रेकॉर्ड ज्यांत ठेवायचे त्या चपट्या, चौकोनी वड्या. "या जागेत कुरडयांचे तीन डबे बसतात," ही म्हणाली. यावर काय बोलणार?

तेवढ्यात गल्लीत लोटगाडी आली. गाडीच्या दांडीला भोंगा बांधलेला. "जुनं लोखंड, पत्रा, प्लास्टिक, रद्दी, बॅटरीऽऽ" एवढं म्हणून तो तीन सेकंद दम खातो आणि पुन्हा तेच. त्या भोंग्यात एक पेनड्राइव्ह खोचलेला होता, १६ जीबीचा. मी वाकून वाचलं. सवय. उभ्या उभ्या मनात हिशोबही केला : १६ जीबी म्हणजे १०,८५० फ्लॉप्या. एकीवर एक रचल्या तर ३५ मीटरच्या वर जातील. मी जिथे कॉम्प्युटर चालवायचो त्या पतपेढीचा दहा वर्षांचा सगळा कारभार, २,४०० सभासदांची खाती, कर्जं, थकबाकी, जामीनदार, सगळं त्यात मावून वर घरभर जागा उरली असती. आणि यानं त्यात एक वाक्य भरलंय.

पोरगा बावीस-तेविसाचा असेल. त्यानं एक फ्लॉपी उचलली, नखानं टकटक केलं, कानाशी हलवली, वास घेतला.

"हाई काय शे, काका?"

"फ्लॉपी."

"कसानी?"

कशाची म्हणजे काय सांगणार? लोणचं कशाचं हे सांगता येतं. म्हटलं, "कॉम्प्युटरची." त्यानं पत्र्याची सरकपट्टी बाजूला ओढली आणि सोडली. टच्. पुन्हा ओढली. टच्. चेहरा खुलला त्याचा. अकरा वेळा केलं त्यानं, मी मोजलं. त्याबद्दल मी त्याला बोलणार नाही. वार्षिक सभेत अहवालवाचन चालू असताना मी स्वतः हेच करत बसायचो, आणि चेअरमन माईकवरून म्हणायचे, "ते टचटच बंद करा."

मग त्यानं खिशातून दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक काढलं.

"चुंबक लावू नको!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की समोरचे अप्पा अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आले. पोरानं हात असा मागे घेतला जणू खोक्यात नाग आहे. माझंच मला कळेना. ज्या फ्लॉपीला आता कुठलं यंत्र विचारत नाही, जी मी स्वतःच्या हातानं भंगारात घालतोय, तिला चुंबक लागलं काय आणि नाही लागलं काय? पण बँकेतून निवृत्त झालेला शिपाई लग्नाच्या पंगतीतही पाठ भिंतीला लावून बसतो, तसं आहे हे. वीस वर्षं मी टेबलाजवळ कुणाला रेडिओ आणू दिला नाही. मॅनेजरसाहेबांच्या मुलाच्या कंपासपेटीला चुंबकाचं झाकण होतं, म्हणून त्या पोराला केबिनबाहेर काढलं होतं मी. त्याचं फळ मला पुढच्या पगारवाढीत मिळालं, तो विषय वेगळा.

अप्पा भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले. गल्लीत कुठलाही व्यवहार त्यांच्या पंचगिरीवाचून होत नाही. ते लोटगाडीच्या कडेला टेकले.

"काय व्हयनं भो?"

"अप्पा, तो चुंबक लावत होता. यात रेकॉर्ड आहे, चुंबकानं पुसलं जातं." राग आला की मी अहिराणी सोडून पुस्तकी मराठीत जातो. कचेरीची खोड.

"रेकॉर्ड शे? मंग वाची दखाड."

"वाचायचं यंत्र नाही आता."

"यंत्र नही, तं मंग रेकॉर्ड कसानं?"

याला उत्तर नव्हतं. अप्पा साबण सुकत असलेल्या गालानं माझ्याकडे बघत राहिले. तोवर पोरानं माझी नजर चुकवून चुंबक टेकवलंच. ते फ्लॉपीच्या मागच्या गोल चकतीला जाऊन चिकटलं. चिकटणारच, ती चकती पोलादाचीच असते. ड्राइव्हच तिला चुंबकानं धरून फिरवायचा. मग त्यानं सरकपट्टीला लावलं. एका फ्लॉपीची पट्टी चिकटली, दुसरीची नाही, तिसरीची पट्टी तर प्लास्टिकचीच निघाली.

"चिटकस बी आनि नही बी," तो म्हणाला. "काका, हाई ना प्लास्टिक शे, ना लोखंड शे. शेठ वजनमा कापस."

"मग फुकट ने."

"फुकट बी नको."

इथे माझं डोकं फिरलं. मी त्याला उन्हात उभं करून व्याख्यान दिलं. म्हटलं, अरे, अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या यंत्रणेत २०१९ पर्यंत फ्लॉपी चालत होती, तीही आठ इंची, थाळीएवढी. जंबो विमान माहीत आहे? त्याच्या ७४७-४०० मॉडेलला वाट दाखवणारी माहिती फ्लॉपीतून भरायचे. जपानसारखा देश, तिथे सरकारी कागदपत्रं फ्लॉपीतच द्या असं सांगणारे हजारावर नियम होते, ते आत्ता २०२४ साली काढले! अप्पांचा साबण पडला. पोरानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"मंग त्यासले ईका."

अप्पा एवढे हसले की त्यांना खोकला लागला. मला अजून हसू आलेलं नाही.

मी अमळनेरचा आहे. इथं १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. त्याचीच पुढे विप्रो झाली आणि तिनं कॉम्प्युटर केले. तुपातून कॉम्प्युटर काढणारं गाव आमचं! त्या कारखान्याचे शेअर ज्यांनी सांभाळून ठेवले, त्यांच्या नातवंडांनाही काम करायची गरज नाही. माझ्या वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं शेअर घ्या म्हणून. त्यांनी म्हैस घेतली. म्हैस दुधाला चांगली होती, पण शेअरवाल्यांना बोनस मिळाले आणि आमच्या म्हशीला रेडे झाले.

तर आमच्या पतपेढीत १९९६ साली कॉम्प्युटर आला तो बैलपोळ्याच्या बैलासारखा. चेअरमननी नारळ फोडला, त्याचं पाणी कीबोर्डवर. कुंकवाचं बोट मॉनिटरवर, हळदीचं सीपीयूवर, झेंडूचं फूल फ्लॉपीच्या फटीत. ते फूल मी चिमट्यानं काढलं, पण एक पाकळी आतच राहिली. पुढे ड्राइव्ह बंद पडला तेव्हा मेकॅनिकनं ती वाळलेली पाकळी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि बिलात "सर्व्हिस चार्ज" लावला. कॉम्प्युटरसाठी अख्ख्या इमारतीतला एकुलता एक एसी. मे महिन्यात मॅनेजरसाहेब दुपारी बारा ते चार माझ्या केबिनमध्ये "एन्ट्र्या तपासायला" यायचे. तपासताना घोरायचे. चप्पल बाहेर काढावी लागायची. देवळात आणि माझ्या केबिनमध्ये अनवाणी जावं लागतं, असं शिपाई लोकांना सांगायचा, आणि खरं सांगतो, बरं वाटायचं.

शनिवारी सगळे घरी गेले की मी बॅकअप घ्यायचो. सात फ्लॉप्या लागायच्या. घर्रर्र, टक, टक, घर्रर्र. एकीत मावायचं १.४४ एमबी. हा आकडाही लबाड आहे. दोन बाजू, बाजूला ८० रेघा, रेघेत १८ घरं, घरात ५१२ बाइट : झाले १४,७४,५६० बाइट. हजाराचा हिशोब धरला तर हे १.४७ होतात, १०२४ चा धरला तर १.४१. मग १.४४ कुठून आले? एकदा १०२४ नं भागलं आणि एकदा हजारानं! पतपेढीत एखाद्या क्लार्कनं असं व्याज लावलं असतं तर लेखापरीक्षकानं त्याच्या नावानं वसुली काढली असती. इथे सगळ्या जगानं खोक्यावर छापून विकलं.

हे मी आत्ता का उगाळतोय? कारण गेल्या महिन्यात एका कचेरीनं माझ्या निवृत्तिवेतनाच्या कागदांवर शेरा मारला : १९९९ ते २००१ या काळातील पगाराचा पुरावा जोडावा. खिडकीतला मुलगा म्हणाला, "काका, सॉफ्ट कॉपी असेल तर मेल करा ना." आहे की! माझ्याच हातचा बॅकअप आहे! पुण्याच्या भाच्यानं यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह मागवून दिला. त्या जुन्या प्रोग्रामची रीत अशी की सातांपैकी शेवटची फ्लॉपी आधी मागतो. घातली. वाचली. पहिली वाचली, दुसरी, तिसरी. तो आवाज ऐकून ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अगंबाई, तुमचं मशीन." मला भरून आलं. चौथी घातली. घर्रर्र, टक. घर्रर्र, टक. टक. टक. बाहेर काढून पट्टी सरकवली तर आत चकतीवर बुरशीचा पांढरा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा.

मग कुणीतरी म्हणालं, आबांच्या वह्या बघा. आबा आमचे हेडक्लार्क. १९९७ च्या सभेत मी उभा राहून म्हणालो होतो की आता या वह्या बंद करा, दुहेरी खर्च आहे, खोगीरभरती आहे. टाळ्याही पडल्या होत्या. आबा फक्त म्हणाले, "राहू दे रे, मला सवय आहे." आणि निवृत्त होईपर्यंत दर महिन्याचं पगारपत्रक ते निळ्या शाईनं वहीत उतरवत राहिले, मीच छापून दिलेल्या कागदावरून. त्या वह्या गोदामात लाल फडक्यात बांधलेल्या मिळाल्या. कोपऱ्याला उंदरांनी थोडं खाल्लंय, पण अक्षर मोत्यासारखं. झेरॉक्स काढली, जोडली, काम झालं.

आनंद व्हायला हवा होता. पण मला आबांचाच राग आला. आबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावता येत नाही, आणि त्या खिडकीतल्या पोरावर रागावून उपयोग नाही, कारण २००१ साली त्याला दातही आले नसतील. माझे केस ज्या केबिनमध्ये पांढरे झाले त्या केबिनमध्ये आता पाण्याचे जार ठेवतात. एसी चालू आहे म्हणे, जारांना.

असो. तोडगा अप्पांनी काढला. सरकपट्ट्या आणि मागच्या चकत्या उपटून वेगळ्या करायच्या : धातू धातूत, प्लास्टिक प्लास्टिकात.

"पट्टी काढी द्या, मंग लई जास," पोरगा म्हणाला. तो पुढच्या गल्लीत फेरी मारून येणार होता.

तेव्हा मी आणि अप्पा ओट्यावर बसलो उपटायला. फ्लॉपीच्या पट्टीखाली केसाएवढी बारीक स्प्रिंग असते, हे मला इतकी वर्षं माहीत होतं, पण ती किती लांब उडते हे माहीत नव्हतं. पहिली अप्पांच्या चहात. दुसरी शेजारच्या जिजींच्या बिबड्यांवर, म्हणजे ज्वारीच्या पापडांवर. बिबड्या ओल्या होत्या, ती तिथेच रुतली, आणि जिजी जे बोलल्या ते इथे लिहिता येत नाही. मधेच आतल्या काळ्या चकतीचा पातळ पापुद्रा बाहेर यायचा. अप्पा तो उन्हाकडे धरून बघायचे. "हाईमा सभासद शेतस का?" मी म्हणायचो, "असतील." ते म्हणायचे, "मी बी?" अप्पांचं १९९८ चं घरदुरुस्तीचं कर्ज होतं आमच्याकडे, दोन हप्ते थकवलेलं. मी म्हटलं, "तुमचा थकबाकीचा आकडासुद्धा." त्यांनी तो पापुद्रा घडी करून खिशात घातला.

दीड तास लागला. भोंगा परत आला. धातू भरला ४६० ग्रॅम. प्लास्टिक त्यानं काळं आहे, काळ्याला भाव नाही, म्हणून बिनपैशाचं नेलं. शेजारी हिनं माझ्या नकळत रद्दी काढली होती : जुनी पेपरं आणि पतपेढीचे वार्षिक अहवाल. त्यांचे झाले १३० रुपये. माझ्या हातावर त्यानं दहाची नोट ठेवली आणि म्हणाला, "काका, दोन रुपया जास्त दिनात."

मॉनिटर मात्र त्यानं घेतला नाही. तो अजून ओट्यावर आहे. अप्पांची मांजर त्याच्यामागे झोपते.

सात फ्लॉप्या मी गंजीफ्राकात लपवून घरात आणल्या होत्या. हिला कळणार नाही असं वाटलं होतं. दुपारी ती गच्चीवर बिबड्या घालत होती; खाटेचा एक पाय लंगडत होता आणि ओलं पीठ एका बाजूला ओघळत होतं. ती वर न बघताच म्हणाली, "अहो, त्या बनियनमधली एक द्या इकडे, पायाखाली."

मी चौथी काढून दिली. पाय अजून जरासा डगडगत होता. तिनं दुसरी मागितली.