खोकला काढून मिळेल

माझ्या मामाचा खोकला परवा एका गृहस्थांनी पुसून टाकला. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, खोकला तेवढा एका कॅसेटवर शाबूत होता. ही कॅसेट डिजिटल करून द्या म्हणून मीच ती त्यांच्या हातात ठेवली, त्यामुळे गुन्ह्यात माझाही वाटा आहे.

कॅसेट जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमची. विकतची नव्हे. मामाने कुणाची तरी एलपी दोन दिवसांच्या बोलीवर आणली, स्पीकरसमोर टू-इन-वन ठेवला, प्ले आणि रेकॉर्ड ही बटणं एकदम दाबली आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना दटावलं. वायर जोडूनही रेकॉर्ड करता येतं हे त्याच्या गावी नव्हतं. आम्ही श्वास रोखून बसलो आणि खोकला आला तो नेमका त्यालाच. चौथ्या रचनेत ट्रम्पेट रंगात आलेलं असताना आतून आई ओरडते, "अरे, नळ कोण बंद करणार?" मी तो अल्बम तसाच पाठ केला. पुढे मूळ रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा त्या जागी नळ आला नाही आणि मला पायरी चुकल्यासारखं झालं.

त्यातून कॅसेट नव्वदची, म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. अल्बम त्याहून जेमतेम मोठा. तबकडी उलटताना मामा पॉज दाबायला विसरला, त्यात आणखी थोडी फीत गेली. शेवटी माइल्स पुन्हा ट्रम्पेट उचलतो, काहीतरी फार जवळचं सांगू लागतो आणि खट्! माझ्या लेखी अल्बम इथेच संपतो. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या चालीने ४५ मिनिटांची फीत होते सुमारे १३० मीटर. टेपने ती एकदा खाल्ली होती. मी आतड्यासारखी बाहेर ओढून, षटकोनी पेन्सिलीने परत गुंडाळली. ती सुरकुती पहिल्याच रचनेत ऐकू येते. यायची.

तर ते गृहस्थ. त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर हिरवी रेघ, तिला मधूनमधून काटे.

"हे काटे दिसतात? खोकला. सत्तावीस ठिकाणी होता. सगळा काढला."

"सगळा?"

"मुळासकट. आणि इथे एक बाई ओरडत होत्या, त्याही काढल्या."

"ती माझी आई."

"असं होय! मग तर बरंच झालं. आवाज फार चिरका येत होता."

यावर माणसाने काय बोलावं? मी बोललो नाही. माझ्या गप्प बसण्याला ते कौतुक समजले आणि खुर्ची पुढे ओढून सरसावले. "शेवट तुटला होता तुमचा. तो नेटवरून घेऊन जोडला. सांधा ओळखून दाखवा!" मी ओळखला. 'खट्' व्हायच्या जागी माइल्स निवांतपणे पुढे बोलतच राहिला. बालपणापासून अर्धवट राहिलेलं वाक्य एका परक्या माणसाने माझ्यासमोर पुरं करून टाकलं, वर माझ्याकडे शाबासकीसाठी बघत राहिला.

"आणि स्पीड गडबडला होता, तोही सरळ केला."

इथे मात्र मी उसळलो. म्हटलं, अहो, या अल्बमची पहिली बाजू मुळातच चुकीच्या वेगाची होती. रेकॉर्डिंगच्या वेळी मशीन हळू चाललं होतं, त्यामुळे तबकडीवर ते सूर किंचित चढे ऐकू यायचे. कंपनीने दुरुस्ती केली ती १९९२ मध्ये! ३३ वर्षं लोकांनी चढ्या सुरात ऐकलं, कुणाचं काही अडलं नाही. तुम्हाला एवढी कसली घाई?

ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे नेटवर दुरुस्त केलेलं आहे. मग कॅसेट कशाला आणलीत?"

प्रश्न बिनतोड होता, म्हणूनच जास्त झोंबला. हल्ली अल्बम ओळीने ऐकणंच लोकांना चमत्कारिक वाटतं. २०२१ मध्ये गायिका अडेलने आग्रह धरला, तेव्हा कुठे स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर शफलला, म्हणजे गाणी पत्त्यांसारखी पिसून लावण्याला, मागे सारलं. अडेलचं ऐकतात. मी घरात म्हणालो की चौथी रचना चौथीच लागली पाहिजे, तर लोक माझ्या गोळ्यांची वेळ विचारतात. असो, हा राग त्या गृहस्थांवरचा नव्हे. त्यांच्यावरचा वेगळा आहे.

मूळ न साफ केलेली फाइल त्यांनी ठेवलीच नव्हती. "कचरा कोण ठेवतं?" आणि कॅसेट? ती देताना त्यांनी जरा नजर चुकवली. त्यांच्या मशीननेही ती खाल्ली होती. या वेळी पेन्सिलीच्या पलीकडे.

माझा चेहरा बघून शेवटी त्यांना काहीतरी वाटलं असावं. रात्री व्हॉट्सॲपवर फाइल आली. नाव 'कचरा फायनल २'. त्यांच्या सॉफ्टवेअरने जे जे काढलं होतं, ते सगळं रिकव्हर करून ओळीने लावलेलं. १ मिनिट ५२ सेकंद. मामा सत्तावीस वेळा खोकतो, मधे आई नळाचं विचारते. मी तीनदा ऐकलं.

खाली त्यांचा मेसेज होता : "मागे थोडं ट्रम्पेट राहिलंय. काढून देऊ का?"