ब्राइस यंगवरून भांडायचंच तर नीट भांडू या

अमेरिकेतल्या शार्लटमध्ये राहून इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे, पँथर्सचे, सामने बघितले नाहीत तरी चालतं, पण त्यांचा क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ब्राइस यंग याच्यावर मत नसेल तर चालत नाही. ऑफिसातल्या लंचपासून मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेपर्यंत तोच विषय: पोरगं सुधारतंय की नाही?

गोची अशी आहे की लोक विचारतात एक आणि उत्तर देतात भलत्याच प्रश्नाचं. विचारतात "सुधारतोय का?", आणि डोक्यात असतं "मोजलेली किंमत वसूल झाली का?" २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिला नंबर मिळावा म्हणून पँथर्सनी शिकागो बेअर्सना डी. जे. मूरसारखा हुकमी रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) देऊन टाकला, शिवाय पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड आणि वर आणखी बरंच काही. त्या हंगामात १७ पैकी २ सामने जिंकल्यावर ती निवडही पहिल्याच नंबरची निघाली, आणि बेअर्सनी तिच्यावर क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स घेतला. यंगच्या मागोमाग दुसऱ्या नंबरवर ह्यूस्टनने घेतलेला क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड त्या वर्षीचा आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. म्हणजे दोन्हीकडून मार. सौदा महागात पडला, मान्य. पण त्याचा जाब मालकांना विचारा ना. स्वतःचा भाव त्या पोराने लावला नव्हता.

आता खेळाबद्दल. पहिल्या वर्षी त्याला ६२ सॅक बसले, म्हणजे पास फेकण्याआधीच ६२ वेळा पाडलं. २०२४ मध्ये दोनच सामन्यांनंतर कोच डेव्ह कॅनालिसने त्याला बाकावर बसवलं आणि अँडी डाल्टनला खेळवलं. ऑक्टोबरात गाडीच्या अपघातात डाल्टनचा अंगठा दुखावला, म्हणून याची पुन्हा वर्णी लागली. (नशीब म्हणा, दुसरं काय.) परत आल्यापासून मी त्याच्या हाताकडे कमी आणि पायांकडे जास्त बघतो. पूर्वी कोणी अंगावर आलं की हा मागे मागे पळायचा आणि होते तेवढे यार्डही घालवायचा. आता बऱ्याचदा एक पाऊल पुढे टाकतो, थांबतो आणि मग फेकतो. आकडेवारीच्या तक्त्यात हे सापडायचं नाही.

३० नोव्हेंबर २०२५ चा रॅम्सविरुद्धचा सामना आठवा. चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, आणि पुढे सरकायला हवे होते फक्त दोन यार्ड. कुणीही साधा छोटा पास देऊन मोकळा झाला असता. याने ४३ यार्डांवर रिसीव्हर मॅकमिलनला टचडाउनचा (चेंडू थेट समोरच्यांच्या गोलपट्टीत) पास दिला! त्याआधी चौथ्याच डाउनवर दुसरा रिसीव्हर कोकरलाही ३३ यार्डांचा टचडाउन दिला होता. ३१-२८ ने जिंकलो, तेही रॅम्सशी. २०२३ चा यंग हे करूच शकला नसता, यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे.

पण टीकाकारांचीही एक बाजू आहे, आणि ती पोकळ नाही. त्याच्या आदल्याच सामन्यात फोर्टी-नायनर्सविरुद्ध दोन इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास), ९-२० ने हार. त्याच्याही आधी फाल्कन्सविरुद्ध पासचे ४४८ यार्ड, जुना क्वार्टरबॅक कॅम न्यूटनचा संघविक्रम मोडला. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात घरच्या मैदानावर सेंट्ससमोर जेमतेम ७ गुण. आपल्या क्रिकेटमध्ये असतात ना, एका डावात शतक आणि पुढच्यात शून्य, अगदी तसं. ८ विजय, ९ पराभव असताना आपला विभाग जिंकलो तेही शेवटचा सामना हरून, फाल्कन्सनी सेंट्सना हरवलं म्हणून. त्याचे ढोल बडवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

तरी प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) रॅम्सविरुद्ध शेवटची काही मिनिटं उरलेली असताना संघाला आघाडी मिळवून दिली ती यानेच. नंतर रॅम्सचा क्वार्टरबॅक स्टॅफर्डने ३४-३१ करून ती घालवली, पण तेव्हा यंग बाजूला उभा होता, बचाव मैदानात होता.

तेव्हा माझं मत: सुधारतोय, पण मोठ्या सामन्यांत जास्त आणि साध्यासुध्या रविवारी कमी. गेल्या हंगामात सेंट्सनी आपल्याला दोन्ही वेळा हरवलं. यंदा त्या दोन सामन्यांत तो कसा खेळतो ते मी बघणार आहे. स्ट्राउडशी तुलना करणाऱ्या कॉमेंटना उत्तर मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो.