‘मोठे व्हा जरा’ म्हणणाऱ्या अनामित वाचकास

अनामित यांस,

‘युगी-ओ’, ती राक्षसांच्या पत्त्यांच्या डावांची जपानी कार्टून मालिका, मी इतक्या वर्षांनी पुन्हा पाहिली, त्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना खाली जाऊन शोधत बसावं लागू नये म्हणून तिचा गोषवारा देते. मालिका म्हणजे कार्डं खपवायला काढलेली वीस-वीस मिनिटांची जाहिरात. नियम दर भागात बदलतात. मी अमेरिकी डब पाहून मत देते, मूळ जपानी पाहिलेलं नाही. ड्युएलिस्ट किंगडम या बेटावरच्या स्पर्धेतले लाइफ पॉइंट, म्हणजे शून्यावर आले की डाव हरायचा ते गुण, मी ४००० लिहिले, ते २००० असतात. आणि जाता जाता: "आठवणी वेगळ्या, कलाकृती वेगळी. मोठे व्हा जरा."

आधी चूक. २०००च बरोबर, ४००० बॅटल सिटी या पुढच्या स्पर्धेपासून. लेखात दुरुस्त केलंय, आभार. चूक मान्य करायला मला काही वाटत नाही हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझा सूर इतका गोड राहणार नाहीये.

मोठे व्हा जरा! कोणाला म्हणताय हे? बत्तीस वर्षांची आहे मी. घराचे हप्ते भरते, आईला दर महिन्याला डॉक्टरकडे नेते, आणि रात्री अकरानंतर जो तास माझा उरतो त्यात काय पाहायचं ते मी ठरवते. तुम्ही नाव न लावता लिहिता आणि मी नाव लावून; यात मोठं कोण, ते वाचक ठरवतील. हेच वाक्य नीट विचारलं असतंत, की बाई, लहानपणी आवडलं म्हणून आत्ता आवडतंय असं तर नाही ना, तर मी बसून विचार केला असता. पण तुम्हाला विचारायचं नव्हतंच, टपली मारायची होती.

आता ती जाहिरात. काझुकी ताकाहाशींची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९६ला ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू झाली, तेव्हा ती या कार्डांची गोष्ट नव्हतीच. नाना खेळांची होती. पत्त्यांचा हा खेळ त्यातलाच एक, तिथे त्याचं नाव ‘मॅजिक अँड विझार्ड्स’. वाचकांनी तो उचलून धरला म्हणून तो परत परत आला आणि अख्खी गोष्ट त्याच्यामागे गेली. कोनामी कंपनीची कार्डं दुकानात आली १९९९ला. म्हणजे गोष्ट आधी, कार्डं मागाहून. तुम्ही म्हणाल, आपण बोलतोय ती मालिका २००० सालची, तोवर कार्डं विकायला आली होती. आली होती, म्हणा तसं. पण गोष्ट कोणाची होती? दुकानदाराची नव्हती.

आणि जाहिरातच म्हणायची तर जगातली सर्वात आचरट जाहिरात म्हणा. या गोष्टीत खलनायक कोण आहे? पेगॅसस. तो काय करतो? तीच कार्डं छापून विकणाऱ्या कंपनीचा मालक आहे! दुसरा वाईट माणूस कायबा. त्याच्याकडे पैसा आहे, तीन ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन (अतिशय दुर्मिळ कार्ड) आहेत, आणि चौथा नायक युगीच्या आजोबांकडून जिंकल्यावर तो काय करतो, तर फाडून टाकतो. डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या गड्डीत, एका कार्डाच्या तीनच प्रती चालतात. चौथा दुसऱ्या कोणाच्या हाती पडायला नको. पहिल्याच भागात! महागडं कार्ड जमवणाऱ्या श्रीमंत पोराला इतकं हलकट दाखवून कार्डं विकायची? पाच कार्डं जमली की डाव तिथेच जिंकून देणाऱ्या ज्या एक्झोडियाने युगी त्याला हरवतो त्याची पाचही कार्डं तिसऱ्या भागात जहाजावरून समुद्रात जातात. कुठला दुकानदार आपला सर्वांत भारी माल असा पाण्यात फेकेल?

पेगॅससच्या बेटावर स्पर्धेला येतात ती माणसंही बघा. युगीच्या मित्राला, जोईला, बहिणीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पैसे हवेत. युगीला आजोबा सोडवायचेत. कायबाला धाकटा भाऊ. खुद्द पेगॅससला मेलेली बायको परत हवी आहे. कोणीही खेळायला आलेलं नाही, सगळे घरच्या कामाला आलेत. माझा मूळ लेख सगळा याच्यावर होता. तुम्ही त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीत. ४००० तेवढं दिसलं.

पेगॅससच्या किल्ल्याच्या कठड्यावरचा युगी-कायबाचा तो डाव. कायबा हरायला आलाय. तो मागे सरकून थेट कडेला उभा राहतो: कर हल्ला, धक्क्याने मी खाली गेलो तर गेलो. युगीच्या आत वसलेला इजिप्तचा जुना राजा, फेरो, हल्ला करायला तयार असतो, लहान युगी त्याला थांबवतो आणि डाव हरतो. दहाव्या वर्षी मला वाटलं होतं, चीटिंग आहे ही. आत्ता पाहताना कायबाकडे दुसरं कुठलंच कार्ड उरलेलं नाही हे दिसलं. अनाथाश्रमात वाढलेला मुलगा, दत्तक जाण्यासाठीसुद्धा बुद्धिबळाची पैज लावलेला, त्याला जिंकल्याशिवाय भाऊ मिळणार नाही, एवढंच ठाऊक आहे. हे लहानपणी दिसलं नव्हतं. मग ही ‘बालपणाची आठवण’ कशी?

आता तुम्हाला आठवणीच हव्यात तर घ्या. आमच्या शाळेच्या फाटकासमोर वह्या-पेनांचं दुकान होतं, तिथे पाच रुपयाला पाकीट मिळायचं. सगळा नकली माल. पातळ कागद, मागचा तपकिरी रंग कधी लाल तर कधी जांभळा, राक्षसांची नावं अशी छापलेली की वाचता येऊ नयेत. मी आणि भाऊ डब्याचे पैसे साठवून ती आणायचो. मे महिन्यात एकदा माझा ब्लू-आइज आला आणि मी भावाला सलग चार डाव हरवलं. त्याने तो उभा फाडला. कायबासारखाच, तोंड तस्संच करून. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्या कार्डाला चिकटपट्टी लावून ते अजून माझ्या कपाटात आहे. कोनामीला माझ्या घरातून एक छदाम गेलेला नाही, मग मला काय विकलं गेलं, सांगा! (कार्डं घेतली हे खरं. पण त्यांची नाही घेतली.)

ताकाहाशी २०२२च्या जुलैत ओकिनावाच्या समुद्रात गेले. पाण्याच्या ओढीत अडकलेल्यांना वाचवायला ते उतरले होते, हे नंतर बातम्यांत आलं. याचा जाहिरातीशी काय संबंध, असं विचाराल. नसेल काही. तरी त्यांच्या कामाला ‘माल खपवणं’ म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी होती.

बाकीचं थोडक्यात. नियम बदलतात, हो. समुद्राची भरती ओसरावी म्हणून युगी दगडी सैनिकाला चक्क चंद्रावर हल्ला करायला लावतो. मला तो डाव प्रचंड आवडतो. नियमांचं पुस्तक हवं असेल तर ते पाकिटात मिळतं. आणि डबचं म्हणाल तर आमच्या केबलवर जे लागलं ते आम्ही पाहिलं, तेच मी पुन्हा पाहिलं, तेच लेखात लिहिलंय. त्यात मरणाच्या जागी ‘शॅडो रेल्म’ नावाचं अंधारं जग घातलंय हे मलाही माहीत आहे. त्यावर इथे वाद नको, लेखाचा तो विषय नाही. युगीला ऐन वेळी हवं तेच कार्ड कसं येतं, या तुमच्या तळटिपेवर पुन्हा कधीतरी.

पुढच्या वेळी नाव लावून लिहा. नाही लावलंत तरी छापेन.

तुमची प्रतिक्रिया भावाला पाठवली होती. त्याचं उत्तर आलं, "२००० मीच सांगितलं होतं तुला. आणि ते कार्ड मी फाडलं नव्हतं, ओढाताणीत फाटलं." त्यालाही उत्तर द्यायचं आहे, पण ते इथे नाही.